टेकडी एक, धनी चार

15 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या कोंढवा बुद्रुकमधली 29 एकर 15 गुंठे जमीन वनखात्याच्या ताब्यात द्यायला सांगितली. बातम्यांचा सगळा भर राजकारणी, अधिकारी आणि बिल्डर यांच्या साटेलोट्यावर राहिला. तो चुकीचा नव्हताच, पण त्यात निकालातला जुना धागा मागे पडला. ही जमीन 1879 मध्येच राखीव वन झाली होती. मूळ क्षेत्र 32 एकर 35 गुंठे, त्यातले 3 एकर 20 गुंठे 1934 मध्ये वगळले गेले. उरलेली जमीन कागदावर वन राहिली आणि ताबा मात्र महसूल खात्याकडे. 1998 मध्ये ती शेतीसाठी वाटली गेली आणि पुढे गृहनिर्माण संस्थेच्या हाती पडली. दोन्ही खाती सरकारचीच, पण एकाच्या दप्तरात काय आहे ते दुसऱ्याच्या गावी नव्हतं, किंवा तसं दाखवणं सोयीचं होतं.

पुण्यातल्या टेकड्यांचे वाद बहुतेक अशाच दप्तरांच्या फटीत सुरू होतात. वेताळ टेकडीवर सकाळी फिरणाऱ्याला एकच माळ दिसतो. प्रत्यक्षात त्यात वनखात्याची जमीन आहे, संस्थांची आहे, खासगी मालकांची आहे आणि या सगळ्यावर महापालिकेच्या विकास आराखड्याचे रंग आहेत, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे सांगणाऱ्या नकाशावरच्या खुणा. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने रंग भरण्याचं काम पालिकेला दिलं. सातबारा मात्र महसूल खात्याकडेच राहिला. 1980 च्या वन संवर्धन कायद्यानंतर वनजमिनीचा वापर बदलायला केंद्राची परवानगी लागू लागली. म्हणजे आराखडा करणारा एक, नोंद ठेवणारा दुसरा, राखणारा तिसरा. खासगी मालक धरला तर चौथा.

त्यातही आरक्षणाला, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवण्याला, मुदत असते. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर 1966 च्याच कायद्याच्या कलम 127 खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. पैसे नसताना नकाशावर हिरवा रंग फासून ठेवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, आणि हे कलम नेमकं त्या सवयीवर बोट ठेवतं.

1987 च्या आराखड्याने डोंगरमाथा-डोंगरउतार पट्टा वेगळा काढला आणि तिथे अवघ्या 4 टक्के बांधकामाची मुभा ठेवली. खरा पेच 1997 नंतर आला. त्या वर्षी आसपासची गावं पालिकेत आली. काही पुढे वगळली गेली, 23 राहिली. त्यांच्या टेकड्यांवरच्या सुमारे 978 हेक्टरवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘बीडीपी’चं, आरक्षण सुचवलं गेलं. पालिकेने ते 2005 च्या सुमारास मंजूर करून पाठवलं, राज्य सरकारने कायम केलं 2015 मध्ये. मधली दहा वर्षं एकीकडे हरकती-सूचना, मोर्चे, ‘टेकड्या वाचवा’च्या सह्या चालू होत्या, दुसरीकडे गुंठेवारी, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकणं, आणि पत्र्याची शेड. मोबदला म्हणून 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरला. मालकांना तो तुटपुंजा वाटला, आणि ज्यांच्या आजोबांची शेती त्या उतारावर होती त्यांची तक्रार अगदीच खोटी म्हणता येत नाही.

एकत्र कामाचं उदाहरण पुण्यात नाही असं नाही. वारजे इथे वनखात्याच्या सुमारे 40 एकर ओसाड जमिनीवर वनखातं, पालिका, संस्था आणि कंपन्यांनी मिळून नागरी वन उभं केलं. जून 2020 मध्ये केंद्राने नगरवन योजना जाहीर केली तेव्हा याच वनाचा दाखला दिला. तिथे जमिनीचा धनी एकच होता, हे मात्र विसरू नये. शिवाय झाडं लावली की संवर्धन झालं, हाही आपला जुना समज. पुण्याच्या टेकड्या मुळात गवत आणि खुरट्या झुडपांच्या. गिरिपुष्पाच्या दाट लागवडीने त्या हिरव्या दिसतात, पण माळावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना तिथे जागा उरत नाही.

कोंढव्याच्या निकालात न्यायालयाने सर्व राज्यांना विशेष तपास पथकं नेमायला सांगितलं: महसूल खात्याच्या ताब्यातल्या कोणत्या राखीव वनजमिनी खासगी हातांत गेल्या, त्या शोधायच्या. परत घेणं लोकहिताचं नसेल तिथे किंमत वसूल करून ती वनविकासावर खर्च करायची. पुणे जिल्ह्यात हे काम करताना आधी दोन दप्तरं शेजारी ठेवून गट नंबर जुळवावे लागतील.