महाविद्यालयीन अ‍ॅथलेटिक ट्रेनर (अमेरिका)

अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठांच्या संघांबरोबर राहून खेळाडूंच्या दुखापती टाळणारा, झालेल्या दुखापतीवर मैदानातच पहिले उपचार करणारा आणि खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगा करणारा प्रशिक्षित आरोग्यकर्मी. जिममधल्या ट्रेनरचे काम वेगळे. भारतात संघाचा फिजिओ यातले बरेचसे सांभाळतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम मालिश आणि पट्ट्या बांधणे एवढेच मानले जाई. इलिनॉय विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेता घेता ट्रेनर झालेल्या सॅम्युएल बिलिक यांनी त्याला शरीरशास्त्राचा पाया दिला. १९५० साली कॅन्सस सिटीत ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला आरोग्यसेवेचा दर्जा दिला. आता या क्षेत्रात येण्यासाठी मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी, राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा आणि जवळपास सर्वत्र राज्याचा परवाना लागतो. काम डॉक्टरच्या मार्गदर्शनाखाली चालते.

सरावाच्या बऱ्याच आधी ट्रेनिंग रूम उघडते. घोट्यांना टेप लावायचे, एसीएलच्या (गुडघ्यातल्या अस्थिबंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने व्यायाम करणाऱ्यांची प्रगती तपासायची, प्रत्येक उपचाराची नोंद ठेवायची, मग मैदानाच्या कडेला उभे राहायचे. सामना परगावी असेल तर संघाच्या बसमध्येही तो असतोच. रोज भेटणाऱ्या या माणसाला खेळाडू अनेकदा दुखण्यापलीकडचेही सांगतात, त्यामुळे मानसिक ताणाची पहिली चाहूलही त्यालाच लागते.

त्याची खरी कसोटी मात्र काही मिनिटांत लागते. श्रमामुळे उष्माघात झाला, तर गुदद्वारातून तापमान मोजून खेळाडूला तत्काळ बर्फाच्या पाण्यात बुडवावे लागते. काखेत किंवा कपाळावर घेतलेले तापमान अशा वेळी फसवे ठरते. ‘आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या’ हा इथला नियम आहे. शरीर साधारण अर्ध्या तासात ३९ अंश सेल्सिअसच्या खाली आणले, तर बहुतेक जण वाचतात. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू जॉर्डन मॅकनेअर सरावात धावताना उष्माघाताने कोसळला. त्याचे तापमान मोजले गेले नाही, त्याला थंड पाण्यातही ठेवले गेले नाही, आणि १३ जूनला तो गेला. उपाय माहीत असलेल्या आजाराने तो गेला, म्हणून ही घटना या पेशाला विसरता येत नाही. विद्यापीठाने पुढे जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली.

इथूनच या पेशाचा सर्वांत नाजूक प्रश्न सुरू होतो: शेवटचा शब्द कोणाचा? जिंकण्याची घाई प्रशिक्षकाला असते, ती खेळाडूलाही असते, आणि डोक्याला मार बसलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणतो. ट्रेनरची नेमणूक आणि बढती प्रशिक्षकाच्या हाती असेल, तर त्याचा नकार टिकणे कठीण. महाविद्यालयीन क्रीडेची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या पाच बड्या कॉन्फरन्सेसनी (विद्यापीठांच्या संघांच्या गटांनी) २०१६ मध्ये नियम केला की उपचार आणि मैदानात परतण्याचा निर्णय संघाचे डॉक्टर व ट्रेनर घेतील आणि प्रशिक्षकाला तो बदलता येणार नाही. या पेशाला मिळालेले हे सर्वांत मोलाचे संरक्षण; पण ते कागदावरून मैदानात उतरते ते क्रीडा विभागाच्या प्रमुखाने ट्रेनरची पाठराखण केली तरच.

पदे सहायक ट्रेनरपासून मुख्य ट्रेनरपर्यंत चढत जातात. मोठ्या विद्यापीठात एकट्या फुटबॉल संघाला अनेक ट्रेनर असतात, तर छोट्या महाविद्यालयात एकाच ट्रेनरकडे कित्येक खेळ येतात. संध्याकाळ आणि शनिवार-रविवार सरावात व सामन्यांत जातात, सुट्ट्या हंगामावर ठरतात, आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या कर्जाच्या मानाने सुरुवातीचा पगार तोकडा वाटतो. म्हणून अनेक जण काही वर्षांनी शाळा, अस्थिरोग दवाखाने, लष्कर, नृत्यसंस्था किंवा कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यसेवेकडे वळतात. काही जण व्यावसायिक संघांत जातात. २ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटीच्या मैदानात हृदय बंद पडलेल्या डमार हॅमलिन या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूला सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपचार) देणारे त्याच्या संघाचे ट्रेनर डेनी केलिंग्टन हे त्याआधी सिरॅक्यूज विद्यापीठात ट्रेनर होते.