सिग्नलला क्लच दाबून उभं राहिलं की क्लचप्लेट जळते?

‘सिग्नल दिसला की न्यूट्रल कर, नाहीतर प्लेटा जातील,’ हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. स्प्लेंडर, पल्सर, बुलेट यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. लिव्हर पूर्ण दाबलं की प्लेटा सुट्या होतात. घासायला काही उरतच नाही. प्लेटा झिजतात त्या अर्ध्या क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धवटच दाबून धरलं की. फ्लायओव्हरच्या चढाला ब्रेक न लावता क्लच-ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारे पाहा, मेकॅनिकचं घर तेच चालवतात.

थांबल्यावर पहिला गिअर ठेवायचा तो मागच्यासाठी. उशिरा ब्रेक मारणारा टेम्पो आरशात दिसला, तर न्यूट्रलमधून गिअर शोधायला वेळ नसतो. म्हणून पुढच्या गाडीला चिकटू नका, बाजूला निसटण्यापुरती जागा ठेवा. ब्रेकही दाबूनच ठेवा, म्हणजे मागचा लाल दिवा पेटलेला राहतो. नुसता क्लच दाबून तो पेटत नाही, हे कित्येकांच्या गावीही नसतं!

मागे दोन-तीन गाड्या नीट थांबल्या की खुशाल न्यूट्रल करा, मनगटाला आराम. सिग्नल लांबलचक असेल तर इंजिनही बंद करा. स्कूटरला क्लचचं लिव्हरच नाही, तिथे फक्त ब्रेक धरा आणि उगाच ॲक्सिलरेटर पिळू नका.