आसुएला, मारियानो
आसुएला, मारियानो : (१ जानेवारी १८७३ – १ मार्च १९५२). मेक्सिकन क्रांतीवरील कादंबरीचा प्रवर्तक मानला जाणारा वास्तववादी लेखक. व्यवसायाने डॉक्टर. जन्म हालिस्को राज्यातील लागोस दे मोरेनो येथे. ग्वादालाहारा येथे वैद्यकाची पदवी घेऊन (१८९९) त्याने गावातच दवाखाना थाटला. ‘मारिया लुईसा’ (१९०७), ‘लोस फ्राकासादोस’ (१९०८) आणि ‘माला येर्बा’ (१९०९) या आरंभीच्या कादंबऱ्यांवर फ्रेंच कादंबरीकार झोलाच्या निसर्गवादाची (माणूस परिस्थिती व आनुवंशिकतेने घडतो असे मानणाऱ्या वास्तववादाची) छाप आहे. त्यांत ‘माला येर्बा’ सरस. जमीनदारांच्या हासिएन्दांवरील (अवाढव्य मळ्यांवरील) जुलूम तिच्यात थेट पाहून लिहिल्यासारखा उतरला आहे.

हुकूमशहा पोर्फिरिओ दियासची राजवट कोसळल्यावर १९११ मध्ये, त्याच्याविरुद्ध उठाव करणाऱ्या मादेरोचा समर्थक आसुएला लागोसचा प्रशासकीय प्रमुख झाला; पण जुनेच सत्ताधारी नवा झेंडा घेऊन परतलेले पाहून त्याने लवकरच पद सोडले. ‘आंद्रेस पेरेस, मादेरिस्ता’ (१९११) ही कादंबरी याच विटलेल्या मनःस्थितीतली. क्रांतीवर पोट भरणारा सुशिक्षित संधिसाधू तिच्यात प्रथम दिसतो आणि पुढे आसुएलाच्या लेखनातून तो कधीच जात नाही.

ऑक्टोबर १९१४ मध्ये तो क्रांतिसेनानी पांचो व्हियाच्या पक्षातील हुलिआन मेदिना याच्या फौजेत लष्करी डॉक्टर म्हणून दाखल झाला. १९१५ मध्ये सेलाया येथील लढाईत व्हियाचा पराभव झाला. माघार घेत आसुएला अमेरिकेतील एल पासो या सीमेवरच्या शहरात पोहोचला. ‘लोस दे आबाहो’ (तळातली माणसे) तेथील ‘एल पासो देल नोर्ते’ या स्पॅनिश वृत्तपत्रात त्याच वर्षअखेरीस क्रमशः आली. पुस्तकरूप १९१६ चे.

कादंबरीचे तीन भाग आहेत : २१, १४ आणि ७ प्रकरणांचे. ही उतरती मांडणीच कथेचा कणा आहे. पहिल्या भागात स्थानिक धनदांडग्याशी वैर आल्याने घर जळालेला शेतकरी देमेत्रिओ मासियास मूठभर माणसे घेऊन सरकारी सैन्याशी लढतो आणि साकातेकास शहराच्या लढाईपर्यंत (जून १९१४) चढत जातो. दुसऱ्यात शत्रू जवळजवळ दिसतच नाही. उरते लूट, दारू आणि आपसांतले खून. तिसऱ्यात उपाशी, थकलेली टोळी हुचिपिलाच्या घळीत, आपल्या पहिल्या विजयाच्याच जागी, मारली जाते. का लढतोस, असे बायको विचारते, तेव्हा मासियास दरीत एक दगड भिरकावतो आणि तो कसा थांबत नाही ते तिला दाखवतो.

आसुएला भाष्य फारसे करत नाही, वस्तू दाखवतो. लुटलेल्या टाइपरायटरला एका सकाळीत पाच मालक मिळतात. दहा पेसोंपासून भाव घसरत जातो आणि अखेर पंचवीस सेन्ताव्होंना (पाव पेसोला) घेणारा तो दगडावर आपटून फोडतो. क्रांतीच्या हिशेबावर याहून नेमके पान मेक्सिकन साहित्यात क्वचितच असेल. वाचकाची चूक होते ती लुईस सेर्व्हान्तेस या पात्राबाबत. तो वैद्यकाचा विद्यार्थी व पत्रकार असल्यामुळे त्याची भाषणे लेखकाचीच समजली जातात. प्रत्यक्षात तो हिरे खिशात घालणारा इसम आहे. तिसरा भाग त्याच्याच एल पासोहून आलेल्या पत्राने उघडतो आणि त्यात तो जुन्या सोबत्याला मेक्सिकन खाणावळ काढण्याचा बेत सुचवतो. आसुएलाचा भ्रमनिरास अधिक प्रामाणिकपणे बोलतो तो सोलिस हा दुसरा क्रांतिकारक, आणि तो साकातेकासलाच गोळी लागून मरतो.

पुस्तकाकडे जवळपास दशकभर फारसे कुणी पाहिले नाही. १९२० च्या आवृत्तीत आसुएलाने मजकूर सुधारला, कवी बाल्देर्रामाचे पात्र वाढवले. डिसेंबर १९२४ मध्ये मेक्सिकन साहित्यात पौरुष उरले नसल्याची तक्रार छापून आली. तिला उत्तर देताना समीक्षक फ्रान्सिस्को मोन्तेर्दे याने याच कादंबरीकडे बोट दाखवले आणि नाव एकदम गाजले. १९२९ च्या इंग्रजी अनुवादाला मेक्सिकन चित्रकार ओरोस्कोची चित्रे लाभली.

दरम्यान मेक्सिको सिटीतील गरीब वस्त्यांत आसुएला रुग्ण तपासत होता. त्यातून आलेल्या ‘ला मालोरा’ (१९२३) आणि ‘ला लुसिएर्नागा’ (१९३२) या तुटक, प्रयोगशील कादंबऱ्या आजही कमी वाचल्या जातात. दुसरी तर त्याच्या उत्तम कृतींत मोडते. नंतरच्या, क्रांतीनंतरच्या सत्ताधाऱ्यांवर तुटून पडणाऱ्या कादंबऱ्यांत संताप कलेवर मात करतो. एल कोलेहियो नासिओनाल या विद्वान-कलावंतांच्या राष्ट्रीय संस्थेचा तो संस्थापक सदस्य (१९४३) होता आणि १९४९ मध्ये त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ‘ला माल्दिसिओन’ (१९५५) व ‘एसा सांग्रे’ (१९५६) या कादंबऱ्या मरणोत्तर प्रसिद्ध झाल्या.