वरोऱ्याच्या वावरातला शेणाचा दगड

नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की शंभरेक किलोमीटरवर वरोरा येतं. त्या भागात पिसदुरा नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या वावरात वखरणी झाली आणि वरून एखादा पाऊस पडून गेला, की मातीतून गोटे उघडे पडतात. काही लिंबाएवढे, काही चांगले मूठभर. एक टोक गोल, दुसरं निमुळतं, मधे कधी दोऱ्याने आवळल्यासारखी खाच. वखराच्या पासेला अडतात म्हणून शेतकरी ते उचलून धुऱ्यावर टाकतो. भूशास्त्रज्ञ तोच गोटा धुऱ्यावरून उचलून पिशवीत ठेवतो, कारण हे कधीकाळी शेण होतं. साडेसहा कोटी वर्षांहून थोडं जुनं, आणि बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या महाकाय डायनोसॉरचं.

अशा दगडाला मराठीत विष्ठाश्म म्हणतात. विद्यापीठांच्या कागदपत्रांत 'आंतरविद्याशाखीय संशोधन' हा शब्द वारंवार वाचायला मिळतो. त्याचा खरा अर्थ मला या गोट्याने समजावला. हा दगड कोणत्या विषयाचा, याचं उत्तरच देता येत नाही.

सुरुवात भूशास्त्रापासून. पिसदुऱ्याचे गोटे ज्या थरात सापडतात त्याला लामेटा म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लामेटा घाटाचं हे नाव. नद्या, तळी आणि त्यांच्या काठच्या गाळाचा हा थर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या खाली आहे. ज्वालामुखीचा लाव्हा वाहत आला तो या गाळावरून. बेसाल्टचं वय खडकातल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजता येतं आणि ते साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं निघतं. म्हणजे खालचं शेण त्याच्याही आधीचं. नागपूरकरांना हा बेसाल्ट पाहायला लांब जायला नको. आपलं शहर दख्खनच्या या पाषाणाच्या पूर्वेकडच्या काठावरच वसलं आहे. पश्चिम नागपूर बेसाल्टवर, पूर्व नागपूर त्याहून कितीतरी जुन्या स्फटिकी खडकांवर.

पण वय कळलं तरी त्या प्राण्याने खाल्लं काय होतं, हे भूशास्त्राला एकट्याने सांगता येत नाही. तिथे वनस्पतिशास्त्र लागतं, आणि त्याची सुरुवात आपल्या ओळखीच्या एका अनुभवापासून करता येते. ज्वारीच्या उभ्या पिकातून हाफ बाहीचा सदरा घालून चालत गेलं तर दंडावर बारीक ओरखडे उठतात. पानाची धार कापते. कारण त्या पानात काच आहे! झाडाची मुळं मातीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून घेतात, आणि पानांच्या पेशींत ती घट्ट होऊन बसते. पेशीचा जो आकार, तोच त्या कणाचा. पान कुजलं, जळलं, जनावराच्या पोटातून गेलं, तरी हे कण टिकतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. ज्वारीच्या पानातले कण व्यायामशाळेतल्या डंबेलसारखे दिसतात, दोन बाजूंना गोळे आणि मधे बारीक दांडी. धानाच्या पानात पंख्याच्या आकाराचे कण असतात. हे आकार ओळखता येणाऱ्याला दगडात कोणती झाडं आहेत ते वाचता येतं.

वाचण्याआधी ते दगडातून बाहेर काढावे लागतात, आणि इथे कसब रसायनशास्त्राचं. गोट्याचा छोटा तुकडा कुटायचा. आम्लात ठेवून त्यातला चुना घालवायचा. उरलेला सेंद्रिय भाग ऑक्सिडीकरणाने जाळायचा. चिकणमाती धुऊन काढायची. मग पाण्याच्या सुमारे २.३ पट जड असलेल्या द्रावणात हा चुरा सोडायचा. वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण २.६५ घनतेचे, ते तळाला बसतात. फायटोलिथ हलके, ते वर तरंगतात. वरचा थर हलक्या हाताने काढून काचपट्टीवर घ्यायचा. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. प्रत्यक्षात कित्येक दिवस जातात, आणि एखादी पायरी घाईत उरकली की तळाला बसायला हवी ती वाळूच काचपट्टीवर दिसते.

२००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात पिसदुऱ्याच्या या शेणावरचा शोधनिबंध आला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, पृष्ठवंशी प्राण्यांच्या जीवाश्मांचे अभ्यासक अशोक साहनी आणि तेव्हा स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग हे त्याच्या लेखकांपैकी. त्यांना या शेणात गवताचे फायटोलिथ सापडले, तेही किमान पाच वेगवेगळ्या प्रकारच्या गवतांचे. तोवर गवताचे खात्रीचे जीवाश्म साडेपाच कोटी वर्षांच्या मागे जात नव्हते. डायनोसॉरच्या चित्रात पायाखाली गवत काढायचं नाही, अशी चित्रकारांची रीतच होती. वरोऱ्याच्या वावरातल्या गोट्याने ती मोडली. गवत हे त्या प्राण्याचं मुख्य खाणं मात्र नव्हतं. त्याच शेणात ताडवर्गाचे, सूचिपर्णी झाडांचे आणि रुंद पानांच्या झाडांचेही अवशेष होते. मिळेल तो पाला तो प्राणी ओरबाडत असावा.

२०११ मध्ये याच काळातल्या आणखी नमुन्यांचा अभ्यास आणि आजच्या गवतांच्या जनुकांची तुलना एकत्र मांडून असं दाखवलं गेलं, की यातलं काही गवत थेट धानाच्या कुळातलं आहे. भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूरच्या बांध्यांमध्ये आज जे धान डोलतं, त्याच्या कुळातलं गवत याच मुलखात डायनोसॉर चघळत होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचायचं थांबून तेच वाक्य पुन्हा वाचलं होतं.

याच शेणाकडे आणखी दोन बाजूंनी पाहिलं गेलंय. एक बाजू कार्बनची. ज्वारी, मका, ऊस ही झाडं हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात. गहू, धान, कापूस, संत्रा दुसऱ्या पद्धतीने. दोन्ही पद्धतींत जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३चं प्रमाण वेगळं पडतं आणि ते वस्तुमान वर्णपटमापीवर मोजता येतं. २००३ साली भौतिकशास्त्राच्या या वाटेने गेलेल्यांनी दाखवलं, की पिसदुऱ्याच्या शेणातला पाला दुसऱ्या गटातला आहे. ज्वारीची पद्धत पृथ्वीवर आली ती कितीतरी नंतर.

दुसरी बाजू वनस्पतींच्या रोगांची, आणि ती मला सगळ्यांत जवळची वाटते. २००४ मध्ये या विष्ठाश्मांतून बुरशीचे जीवाश्म नोंदवले गेले. त्यांत कोलेटोट्रिकम होती, युन्सिन्युला होती. शेतकऱ्याला ही लॅटिन नावं माहीत नसतील, पण बुरशी त्याच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. मिरचीवर फळकुज आणणारी आणि संत्र्याच्या फांद्या शेंड्याकडून वाळवणारी ती कोलेटोट्रिकम. द्राक्षावर भुरी आणणारी बुरशी युन्सिन्युला या नावाने ओळखली जायची. पानांवर वाढणाऱ्या या बुरशी शेणात सापडल्या, म्हणजे प्राण्याने रोगट पानं खाल्ली होती. पिकांच्या रोगांचा अभ्यास केलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. हाडं मोजण्यात आयुष्य घालवलेल्याला नाही.

विषयांच्या भिंती इथे पहिल्यापासून होत्या असंही नाही. १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आठवा. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचा आणि फळा-बियांचा अभ्यास त्यांनी केला, पिसदुऱ्याचे जीवाश्म गोळा केले, गोंडी भाषेच्या आणि गोंड समाजाच्या नोंदी ठेवल्या. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळची प्राचीन दफनांवरची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा बुडून मृत्यू झाला. त्यांच्या नावाचं महाविद्यालय १८८३ पासून शहरात आहे. खडक, भाषा आणि दफनभूमी हे तीन वेगळे विभाग आहेत, असं त्या माणसाला कधी वाटलं नसावं.

नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झालं. त्याच्या भूशास्त्र विभागातल्या अभ्यासकांनी लामेटाच्या गाळावर आणि लाव्हाच्या थरांमधल्या परागकणांवर वर्षानुवर्षं काम केलंय. २०१७ मध्ये याच विष्ठाश्मांतल्या सूक्ष्म वनस्पतींवर त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शेण आणि त्याच्या भोवतीचा गाळ असं दोन्ही तपासून त्यांनी तुलना केली, आणि ती फार महत्त्वाची आहे. जे कण गाळातही आहेत ते बाहेरून शिरलेले असू शकतात, म्हणून शेणातल्या प्रत्येक कणाला खाणं म्हणता येत नाही.

हा विभाग लॉ कॉलेज चौकाजवळ आहे. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र अमरावती रोडच्या आवारात. मधे चार सिग्नल, एवढंच अंतर. तरी ते पार करणं विद्यार्थ्याला जड जातं, कारण प्रबंध एकाच विषयात नोंदवावा लागतो, मार्गदर्शक एकाच विषयाचा असतो, आणि परीक्षक विचारतो की यात आपला विषय किती. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने आंतरविद्याशाखीय अभ्यास अशी एक स्वतंत्र विद्याशाखाच केली. पण तिच्यात शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, पत्रकारिता असे विषय आहेत. पिसदुऱ्याच्या गोट्यासारखा प्रश्न तिथेही बसत नाही. माझ्या मते नवी शाखा काढण्यापेक्षा दोन विभागांना एक प्रयोगशाळा आणि दोन मार्गदर्शकांना एक विद्यार्थी मोकळेपणाने वाटून घेता आला, तर जास्त काम होईल.

कारण एक मोठा प्रश्न अजून उरलाच आहे. शेणावर नाव लिहिलेलं नसतं. आसपास टायटॅनोसॉरची हाडं सापडतात आणि गोट्यांचा आकार जुळतो, म्हणून ते त्याचं मानलं जातं. पण या प्राण्यांचे दात पेन्सिलीसारखे बारीक, पाला ओरबाडण्यापुरते. चावून बारीक करायला दाढा नाहीत. गोट्यांतले पानांचे तुकडे मात्र अगदी बारीक आहेत. मग ते बारीक कुठे झाले, पोटात किती काळ राहिले? हे तपासायचं तर न चावता पाला गिळणाऱ्या आजच्या प्राण्यांची, म्हणजे कासवाची, शहामृगाची, इग्वानाची विष्ठा चाळून त्यातल्या तुकड्यांचा आकार मोजायला हवा. हे काम प्राणिशास्त्राचं.