लिप स्लर म्हणजे मींड नव्हे

मींड काय असते हे मराठी वाचकाला समजावत बसत नाही. पंचमावरून षड्जावर उतरताना मधली एकही जागा न सोडता घसरत यायचं, झालं. पेटीवर ती निघत नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली त्यामागे हेही एक कारण होतं. पुढे जाऊ.

घोळ होतो तो ट्रम्पेट हातात आल्यावर. कळ न हलवता आणि जीभ न मारता, एकाच फुंकेत एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं, याला तिथे लिप स्लर म्हणतात. ‘लिप स्लर म्हणजे आपली मींडच की हो’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यात शिकवणारेही निघालेत, की आता राहवत नाही. साम्य आहे, पण एवढंच: दोन्हीत फुंक तुटत नाही आणि दुसऱ्या स्वराला जीभ लागत नाही. तिथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या.

तुतारी आठवा. तिला भोक नाही, कळ नाही, तरी तुतारीवाला खालच्या स्वरावरून वरच्यावर जातो. मधल्या स्वरांना तो शिवत नाही, कारण ते त्या नळीत नसतातच. ट्रम्पेटची नळीही तशीच, दीड मीटरला जरा कमी. एकही कळ न दाबता फुंकलं तर रोजच्या वाजवण्याच्या पट्ट्यात खालून वर एवढंच मिळतं: सा, प, तार सा, तार ग, तार प, मग थोडा उतरलेला कोमल नी, आणि त्याच्यावरचा सा. (नेहमीच्या बी फ्लॅट ट्रम्पेटवर हा सा म्हणजे पेटीची काळी पाच.) खालच्या सा आणि प यांच्यामध्ये रे, ग, म यांपैकी कोणी नाही. कळा आल्या त्याच मुळी ही रिकामी जागा भरायला, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला.

आता एक प्रयोग करा. माउथपीस काढून नुसताच ओठांना लावा आणि प पासून सा पर्यंत ओठ फुरफुरवत या. झकास मींड येईल, रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी. तोच माउथपीस ट्रम्पेटला लावून तेच करा. आता स्वर थोडा वेळ प वरच हटून बसेल, जरा मळका होईल, आणि मग टपकन सा वर पडेल. ओठांनी तेच केलं. फरक नळीने पाडला. तिच्या ठरलेल्या खाचा आहेत आणि ओठांच्या कंपनाला ती जवळच्या खाचेत ओढून घेते.

म्हणजे लिप स्लरमध्ये नळी तुमच्या बाजूने असते, मींडेत ती तुमच्याविरुद्ध असते. सगळा गोंधळ या एका गोष्टीचा आहे. स्लरमध्ये एका खाचेतून निघून दुसरीत पडायचं, आणि पडण्याचं काम नळीला करू द्यायचं. मींडेत खाचेतून बाहेर येऊन मुद्दाम बाहेरच रेंगाळायचं, म्हणजे नळीशी भांडायचं. मींडेच्या बेताने स्लर वाजवायला गेलात तर ओठ नको तिथे भांडत राहतात. स्वर चिकट निघतो आणि पंधरा मिनिटांत ओठ बसतात.

माझ्याकडे लग्नाच्या बँडात वाजवणारा एक मुलगा यायचा. कान तयार, गाण्यातली हरकत एकदा ऐकून उचलणारा. पण सा–प–सा सांगितलं की प्रत्येक वेळी मधे एक ‘ऊंय्’ निघायचं. त्याला वाटायचं, हेच तर सौंदर्य! वर जाताना तो ट्रम्पेट ओठांवर आवळायचा; करंगळी ट्रम्पेटवरच्या हुकात अडकवलेली, ओठांभोवती लाल वळ. मी करंगळी हुकातून बाहेर काढायला लावली आणि म्हटलं, मनात ‘आ’ म्हणत खालचा सा धर, आणि ‘ई’ म्हणत वर जा. ओठांचा विचारच करू नकोस. तिसऱ्या दिवशी प लख्ख लागला.

‘लिप’ हे नावच फसवं आहे. ओठ थोडे आवळतात, नाही असं नाही, पण गाडी हाकते फुंक, आणि जिभेचा मागचा भाग आ–ई करत तिला वाट काढून देतो. ‘ओठांची ताकद वाढवा’ म्हणून सकाळी सकाळी वरचे सूर किंचाळायला लावणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

रियाज असा: मेट्रोनोम ६० वर, प–सा–प, प्रत्येक स्वर चार मात्रा, हळू आवाजात. आधी मोकळी नळी, मग दुसरी कळ, पहिली, पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी आणि शेवटी तिन्ही. दर पायरीला अर्धा स्वर खाली. जेवढं वाजवलं तेवढीच विश्रांती. खाली येताना फुंक ढिली सोडू नका, बहुतेकांचा सा तिथेच बसका होतो. हे स्वच्छ झालं की सा ते तार सा, मधला प न लागता. वरच्या खाचा जवळजवळ असल्याने तिथला स्लर सोपा वाटेल. त्यावर हुरळून खालचा सोडू नका.

कळ बदलून केलेला स्लर वेगळा, तो सगळ्यांना येतो. आणि कागदावर एकाच स्वराच्या दोन चिन्हांना जोडणारी कमान म्हणजे स्लर नव्हे, टाय. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज (दो-रे-मी म्हणत स्वरलिपी वाचणं) घोकलेल्याला हे सांगावं लागत नाही. कानावर शिकलेल्याला सांगावं लागतं, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मग ट्रम्पेटवर मींड नाहीच का? आहे, पण तिची सोय वेगळी. एक म्हणजे कळ अर्धी दाबायची: हवेची वाट बिघडते, खाचा बोथट होतात, स्वर घसरतो, आवाज मात्र घुसमटल्यासारखा येतो. दुसरी म्हणजे कळ न हलवता प ला ओठांनी अर्धा स्वर खाली खेचून परत आणायचा. हा व्यायाम मला फार आवडतो, याने आवाज भरीव होतो. पण तो स्लरनंतर, पाच मिनिटं विश्रांती घेऊन. त्या मुलाला मी दोन्हींची वेगळी वेगळी पानं करून दिली होती. मींडेच्या पानावर त्यानेच वर लाल पेनाने लिहिलं: ‘भांडण’.