तान्ह्या बाळाचा मोतीबिंदू: थांबायला वेळ नसतो

बाळाच्या बाहुलीत पांढुरका ठिपका दिसला तरी अनेक घरांत ‘जरा मोठं होऊ दे, मग दाखवू’ असं म्हटलं जातं. म्हातारपणच्या मोतीबिंदूला वर्षभर थांबलं तरी सहसा नजर परत येते, कारण मेंदू पाहायला केव्हाच शिकलेला असतो. बाळाचा मेंदू ते जन्मानंतर शिकतो आणि त्यासाठी डोळ्यातल्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, स्वच्छ चित्र पडावं लागतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ते पडलं नाही, तर पुढे मोतीबिंदू काढूनही डोळा आळशी राहतो.

म्हणून वेळ मोजून ठरलेली आहे. एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया चौथ्या ते सहाव्या आठवड्यात, दोन्ही डोळ्यांत असेल तर सहाव्या ते आठव्या आठवड्यात, आणि दोन शस्त्रक्रियांत साधारण एक-दोन आठवड्यांचंच अंतर. एका डोळ्याची घाई जास्त, कारण चांगला डोळा मेंदूत दुसऱ्याच्या वाट्याची जागाही घेऊन बसतो. चार आठवड्यांच्या आत मात्र सहसा करत नाहीत. तेव्हा भुलेचा धोका अधिक असतो आणि पुढे काचबिंदू, म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नजर जाण्याचा आजार, होण्याचाही.

खरी अडचण निदानाची आहे. ‘बाळ नजर देत नाही’ हे घरच्यांना उमगतं ते दीड-दोन महिन्यांनी, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ आलेली असते तेव्हा. तपासणी व्हायला हवी ती प्रसूतिगृहातून घरी सोडतानाच. खोलीत अंधार करायचा आणि हातभर अंतरावरून ऑप्थॅल्मोस्कोपचा (डोळ्याच्या आत पाहायच्या उपकरणाचा) उजेड दोन्ही बाहुल्यांवर एकदम टाकायचा. दोन्हीकडे सारखी लालसर-केशरी चमक दिसली पाहिजे. आपल्याकडच्या बाळांत ती जरा मंद असते, म्हणून रंगापेक्षा दोन डोळ्यांतला फरक पाहावा. मधोमध काळी सावली किंवा पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठावा. पांढरी चमक दृष्टिपटलाच्या कर्करोगाचीही असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे, तेव्हा आशाताई बाळाला पाहायला घरी येतात तेव्हा शंका जरूर बोलून दाखवावी. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास डोळे थरथरू लागले, तर उशीर झाल्याची ती खूण असते.

कारण पुष्कळदा सापडत नाही. काहींत आनुवंशिकता असते, काहींत आईला गरोदरपणी झालेला रुबेला. हा संबंध 1941 मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवला, आणि गोवर-रुबेलाची लस हाच त्यावरचा उपाय आहे.

शस्त्रक्रियेत प्रौढांसारखं डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग अल्ट्रासाऊंडने फोडावं लागत नाही. बाळाचं भिंग मऊ असतं, ते बारीक छेदातून शोषून घेतात. पूर्ण भूल द्यावी लागते. मोठ्यांत भिंगाची मागची पिशवी राखतात, तान्ह्या बाळात ती राखली तर जवळजवळ हमखास पुन्हा गढूळ होते. म्हणून तिच्यात गोल खिडकी पाडून मागचा थोडा जेलीसारखा द्रवही काढतात. डोळ्याचं पांढरं आवरण लवचिक असल्यामुळे छेद आपोआप मिटत नाही, टाका घालावा लागतो.

कृत्रिम भिंग लगेच बसवावं का? अमेरिकेतल्या एका अभ्यासात एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांपैकी निम्म्यांना ते बसवलं, निम्म्यांना कॉन्टॅक्ट लेन्स दिली. नजरेत फरक पडला नाही, पण भिंग बसवलेल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ कितीतरी जास्त वेळा आली. त्यामुळे सात महिन्यांच्या आत बहुधा कॉन्टॅक्ट लेन्सच देतात. जन्मतः डोळा सुमारे 17 मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी सुमारे 23. लेन्सचा नंबर +30 च्या आसपास सुरू होतो आणि डोळा वाढेल तसा झपाट्याने उतरतो. वारंवार तपासला नाही तर लेन्स असूनही चित्र धूसर. बाळाचं जग हातभर अंतराचं असतं, म्हणून नंबर मुद्दाम दोन-तीन डायॉप्टरने जास्त ठेवतात. डोळा लाल झाला तर लेन्स ताबडतोब काढून त्याच दिवशी दाखवावं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर जाड भिंगांचा चष्माही चालतो.

यापुढचं काम घरच्यांचं, आणि तेच सगळ्यात अवघड. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी: वयाच्या दर महिन्यामागे रोज एक तास, आठव्या महिन्यापासून जागेपणाचा निम्मा वेळ. पट्टी थेट कातडीला चिकटवावी, झोपेतले तास धरू नयेत. बाळ रडतं, पट्टी ओढून काढतं, आणि आजी-आजोबांना दया येते. पट्टी सुटली की शस्त्रक्रियेचा बराच फायदा वाया जातो. नीट उपचार होऊनही अमेरिकेतल्या त्या अभ्यासात साडेदहाव्या वर्षी जेमतेम पाव मुलांना त्या डोळ्याने 6/12 (निरोगी डोळ्याला 12 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसत होतं. हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

काचबिंदूचा धोका जन्मभर राहतो, शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनीही. डोळ्याचा दाब ठरलेल्या वेळी तपासून घ्यावा. लहानपणी त्यासाठी कधी थोडी भूलही द्यावी लागते. डोळ्यातून सतत पाणी येणं, उजेड सहन न होणं, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसणं, यांपैकी काहीही आढळलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.