शिजवलेली अंडी : साठवण आणि विटणे

अंडे उकडले म्हणजे ते जास्त टिकणार, ही समजूत घरोघरी आढळते आणि ती चुकीची आहे. कच्चे अंडे उकडलेल्यापेक्षा कितीतरी अधिक दिवस राहते. त्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती बुजवणारा एक पातळ थर कवचावर असतो. पांढऱ्या भागात लायसोझाइमसारखी जंतूंना थोपवणारी प्रथिनेही असतात. उकळत्या पाण्यात वरचा थर निघून जातो आणि आतली प्रथिने साकळतात. अंडे गार होताना आतली हवा आकसून बाहेरचे पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणून अंडी गार करायला पिण्याचे पाणी घ्यावे आणि मग कोरडी पुसून ठेवावीत.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक असा : शिजलेले अंडे फ्रीजबाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर १ तासच. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तिथे हा १ तासच धरायचा. फ्रीजमध्ये ४ अंश किंवा त्याखाली, घट्ट उकडलेली अंडी कवचासकट आठवडाभर चालतात. बुर्जी, पोळा, अंड्याचा रस्सा ३-४ दिवसांत संपवावा. वीज गेली, तर दार न उघडलेला फ्रीज साधारण ४ तास गारवा धरतो.

सोललेल्या अंड्याची गोष्ट वेगळी. स्टॅफिलोकॉकस हा जंतू माणसाच्या त्वचेवर आणि नाकात सहज सापडतो. सोलणाऱ्या हातावरून तो अंड्यावर येतो, ऊब मिळाली की वाढतो आणि विष सोडतो. जंतू उकळीत मरतो, विष मात्र तसेच राहते. त्यामुळे ‘पुन्हा गरम केले की झाले’ हा भरवसा इथे कामाचा नाही. सोललेली अंडी झाकणाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत खाल्लेली बरी.

रात्रीचा उरलेला रस्सा पातेल्यातच ओट्यावर सकाळपर्यंत राहू देणे, ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक. मोठे पातेले मधोमध तासन्‌तास कोमट राहते. रस्सा दोन-तीन पसरट डब्यांत काढला, तर लवकर निवतो. खाताना त्याला खळखळून उकळी आणावी आणि अंडी अर्धी चिरावीत, म्हणजे बलकही तापतो. अंडा बिर्याणीत अंड्याइतकेच भाताकडे लक्ष हवे, कारण बॅसिलस सिरियस या पोट बिघडवणाऱ्या जंतूचे बीजाणू (त्याची चिवट, सुप्त रूपे) भात शिजतानाही मरत नाहीत.

विटलेले अंडे नाकाला लगेच कळते. त्याचा सडका, गंधकी वास डबा उघडताच अंगावर येतो. ताज्या उकडलेल्या अंड्यांच्या बंद डब्यालाही हलका तसाच वास येतो, पण तो वाऱ्यावर लगेच विरतो. सडलेल्याचा विरत नाही. पांढऱ्यावर बोट फिरवल्यास बुळबुळीत लागणे, गुलाबी किंवा काळे ठिपके, रश्श्यावर फेस आणि आंबूस वास, यांपैकी काहीही दिसले तर चव घेऊन पाहण्याच्या भानगडीत पडू नये. बलकाभोवतीचे हिरवट-राखी कडे मात्र निर्धोक असते. अंडे जास्त वेळ उकडले की बलकातले लोह आणि पांढऱ्यातला गंधक यांपासून ते तयार होते. बुर्जीला सुटलेले पाणीही एवढ्यावरून खराबीचे लक्षण ठरत नाही.

पाण्यात तरंगते का, ही परीक्षा कच्च्या अंड्याचे वय सांगते. उकडलेल्याला ती लावण्यात अर्थ नाही. आणि साल्मोनेला या अंड्यांतून बाधणाऱ्या जंतूला ना वास, ना रंग. म्हणूनच अंडी कधी उकडली ती तारीख पेन्सिलीने कवचावर लिहिणे हा नाकापेक्षा खात्रीचा उपाय आहे.

उकडलेली अख्खी अंडी फ्रीझरमध्ये ठेवल्यास पांढरे रबरासारखे चिवट होते. आणि अख्खे अंडे मायक्रोवेव्हमध्ये गरम केले, तर आत वाफ कोंडून ते फुटते, कधीकधी बाहेर काढल्यावर, सुरी लावताक्षणी.